मार्तिनिकेचे तीन ठिपके

आमच्या घरात त्या दिवशी लसूण नव्हता. डिसेंबरची सहा तारीख होती, बुधवार. आई पहाटेपासून तांब्याच्या कढईत मक्याचं पीठ, दूध आणि गूळ घोटत होती. नातियाची कढई चुलीवर चढली की घरातला कांदा-लसूण मागच्या पडवीत जायचा. दुधाला वास लागतो, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुमारी मातेसाठी उंबऱ्यावर मेणबत्त्या लावायच्या होत्या आणि शेजारीपाजारी नातियाच्या वड्या वाटायच्या होत्या.

साल एकोणीसशे एकसष्ट. मी एकवीस वर्षांची होते. मेदेयीन शहरातल्या शिक्षिका विद्यालयातून नुकतीच पास होऊन घरी आले होते आणि नव्या वर्षात आमच्याच डोंगरावरच्या शाळेत शिकवणार होते. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. घरात आई, तिची थोरली बहीण बेर्नार्दामावशी, मी, ओतिलिया, आणि माझी सात वर्षांची धाकटी बहीण नुबिया. इतक्या वर्षांत त्या घराचं सगळं बदललं, छप्परसुद्धा. पण आईचा लाकडी घोटा कढईच्या तळाला लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

शिकवायला वर्ग नव्हता, म्हणून सुट्टीत मी नुबियाला शिकवत असे. साखरेच्या पुड्याचा जाड कागद उलगडून त्यावर मी मूलद्रव्यांचा तक्ता काढला होता आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टाचला होता. एक उभा रकाना म्हणजे एक घर, असं मी तिला सांगितलं होतं. एका घरातली भावंडं चेहऱ्याने वेगळी असतात, पण वळण एक. या घरात थोरला नायट्रोजन, त्याच्या पाठचा फॉस्फरस, मग अर्सेनिक, मग अँटिमनी. पलीकडच्या घरात सोडियम, पोटॅशियम. हे सगळे तापट, पाण्याशी यांचं भांडण. नुबियाला ही घरं फार आवडली. कोणाच्या घरात किती भावंडं, हे ती पाढ्यासारखं म्हणायची.

मग एकाच मूलद्रव्याची वेगवेगळी रूपं आली. कोळसा आणि हिरा, दोन्ही कार्बन, हे ऐकून ती मावशीकडे धावली.

"मावशी, तू चुलीत हिरे जाळतेस."

"जाळते तर," मावशी म्हणाली. "आणि राजवाड्याची राखसुद्धा रोज मीच काढते. तुझ्या बहिणीला विचार, राख काढायचं कोणत्या तक्त्यात लिहिलंय."

मंगळवारी संध्याकाळी मी तिला फॉस्फरस शिकवला. एकच वस्तू दोन रूपांत कशी असते ते सांगायला मी डोन मार्को तुलिओंचं उदाहरण घेतलं. ते जीपमधून कॉफीची पोती तालुक्याला नेत. रविवारी प्रार्थनेला काळ्या कोटात, सोमवारी फाटक्या सदऱ्यात. "माणूस एकच ना?" मी विचारलं. "एकच," ती म्हणाली. मग मी काडेपेटीच्या बाजूची तपकिरी पट्टी तिला दाखवली. यात लाल फॉस्फरस असतो, हा विषारी नाही, असं म्हणून मी पट्टीवर बोट घासलं आणि ते बोट चाटलं. तिचे डोळे मोठे झाले. नव्या शिक्षिकेला असे मोठे झालेले डोळे फार गोड लागतात.

तेवढ्यात मावशीने ताटं मांडली. मी उठले. पाठीमागून नुबियाने विचारलं, "मार्तिनिकांमध्येपण फॉस्फरसच असतो ना?"

"तोच असतो," मी म्हणाले. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

मार्तिनिका म्हणजे कागदाची बोटभर पट्टी. तिच्यावर मसुरीएवढे गडद लाल ठिपके डिंकाने चिकटवलेले. भिंतीवर किंवा टाचेखाली घासले की ते चटचट करत पेटायचे आणि उड्या मारायचे. डिसेंबर लागला की आमच्याकडे प्रत्येक पोराच्या खिशात एखादी पट्टी असायची. त्यांत काय घालतात, हे कोणी कोणाला विचारत नसे.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला नुबिया पडवीच्या पायरीवर ओकली. मावशीने तिला आत आणून बाकावर निजवलं आणि खाली पत्र्याचं घमेलं ठेवलं. पोट दुखतंय, घशात आग होतेय, असं ती म्हणत होती.

"काय खाल्लंस?" आईने कढईपासून न हलता विचारलं. नातिया घोटताना हात थांबला तर गुठळ्या होतात.

नुबिया माझ्याकडे बघत होती. "फॉस्फरस," ती म्हणाली. "ओतिलियाने खाल्ला तोच."

आईचा हात थांबला. "काय खाल्लंय तिने?"

"काही नाही गं," मी म्हणाले. मला हसू आलं होतं, हे मी लपवणार नाही. "काडेपेटीची पट्टी चाटली असेल. तो लाल फॉस्फरस. पोटातून जसाच्या तसा जातो. काही होणार नाही."

"नक्की?"

"नक्की, आई. मी काल तिच्यासमोर खाल्ला, मी मेले का?"

"तुझं काय सांगावं, तुला शहराचं पाणी पचलंय," मावशी म्हणाली आणि फडताळातून एरंडेलाची बाटली काढली. आमच्या घरी कोणताही आजार एरंडेलापाशी संपत असे. दोन मोठे चमचे तेल, वर पेलाभर कोमट दूध, सायीसकट. नुबियाने नाक धरून प्यायलं. मी तिचं डोकं धरलं होतं. ते दूध मीच फुंकून निववलं होतं.

तासाभराने ती शांत झाली, मग पुन्हा ओकली. बारा वाजत आले तेव्हा आई कढई उतरवून तिच्याजवळ येऊन बसली. तिने नुबियाच्या तोंडावरून ओला पंचा फिरवला, वाकून तिचा श्वास हुंगला आणि मावशीला म्हणाली, "बेर्नार्दा, पोरीला लसूण कुठे मिळाला?"

"लसूण पडवीत उंच टांगलाय. तिचा हात पोचायचा नाही."

"मग हा वास कसला?"

मी पुढे झाले आणि वाकले. लसणाचा वास, पण कच्च्या लसणाचा, त्यात काडी विझवल्यावर येतो तसा थोडा धूर. विद्यालयातल्या पुस्तकाचं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आलं, डावीकडचं पान, खालून चौथी ओळ. पांढरा फॉस्फरस: लसणासारखा वास, अंधारात चमकतो, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, अत्यंत विषारी. ही ओळ मी परीक्षेत लिहिली होती आणि मला पूर्ण गुण मिळाले होते.

"खिडक्या लावा," मी म्हणाले.

"भर दुपारी?" मावशी म्हणाली.

"लावा, मावशी. दारही लावा."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती उठली. लाकडी झडपा बंद झाल्या, मागचं दार बंद झालं. चुलीतल्या निखाऱ्यांवर मी घमेलं झाकायचं ताट उपडं घातलं. अंधाराला डोळे सरावेपर्यंत आम्ही तिघी घमेल्याभोवती उभ्या होतो. मग घमेल्याच्या तळाशी एक फिकट हिरवट उजेड दिसायला लागला. फार नाही. काजवा मुठीत धरल्यावर बोटांच्या फटींतून येतो तेवढा. त्यातून बारीक धूर सुटत होता, आणि तो धूरही चमकत होता.

मावशीने छातीवर क्रूस काढला. आई म्हणाली, "हे तिच्या पोटातून आलंय?"

मी नुबियाजवळ गुडघ्यांवर बसले. "खरं सांग, कोणता खाल्लास? मी रागावणार नाही."

तिने उशीखाली हात घातला आणि पट्टी काढून दिली. अंधारात मी बोटांनी चाचपली. तीन ठिपक्यांच्या जागा रिकाम्या होत्या; लाल होता तो नुसता वरचा रंग, आत पांढरा फॉस्फरस होता.

"मी शाळा घेत होते," ती म्हणाली. "मी सांगितलं, कपडे वेगळे, माणूस एकच. मग खाऊन दाखवलं."

"कोणाला दाखवलंस? वर्गात कोण होतं?" शेजारच्या घरात पाच मुलं होती. "त्यांनी खाल्लं का? नुबिया, कोणी खाल्लं?"

"नाही," ती जरा चिडून म्हणाली. "कणसाच्या बाहुल्या होत्या. त्यांना कुठे तोंड असतं?"

डोन मार्को तुलिओंची जीप त्या दिवशी खाली जाणारच होती. मावशीने धावत जाऊन त्यांना थांबवलं. पोत्यांवर घोंगडी टाकून आई नुबियाला मांडीवर घेऊन बसली, मी घमेलं फडक्याने बांधून बरोबर घेतलं. रस्ता दीड तासाचा, सगळा वळणांचा. डोन मार्को तुलिओ पोरीला हसवायचा प्रयत्न करत होते.

"काय गं, माझ्या पोत्यांवर ओकलीस तर तालुक्यात म्हणतील मार्को तुलिओची कॉफी ओली आहे."

नुबिया हसली नाही. त्यांनी गाडी जोरात सोडली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. उघड्या हवेत तिच्या श्वासाबरोबर काही दिसतंय का, हे बघत होते, आणि दिसू नये म्हणून डोळे बारीक करत होते.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आर्सेसिओ होते. साठीचे, बुटके, सदऱ्यावर कॉफीचा डाग. त्यांनी घमेल्यावरचं फडकं उचललं, वास घेतला आणि एकदम विचारलं, "किती?"

"तीन."

"केव्हा?"

"सकाळी. नऊ-साडेनऊ."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते. "पोटात दुसरं काय गेलंय?"

"एरंडेल," आई म्हणाली. "आणि दूध."

डॉक्टर थांबले. "तेल कोणी दिलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मावशी तिथे नव्हती, आणि ती असती तरी मी तिचं नाव घेऊ शकले नसते. "या विषाला तेलात घालून दिलं की ते रक्तापर्यंत चालत नाही, धावत जातं," ते म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत. हात धुता धुता म्हणाले.

त्यांनी एका घागरीत जांभळं पाणी तयार केलं. पोटॅशियम परमँगनेटचं, मला ओळखता आलं. रबराची नळी, वर नरसाळं. मी नुबियाचे पाय धरले, दवाखान्यातल्या मठवासी सिस्टरने हात. जांभळं पाणी आत जायचं आणि तपकिरी होऊन बाहेर यायचं. पुन्हा जांभळं, पुन्हा तपकिरी. एकदा नळीच्या तोंडातून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली आणि सिस्टरच्या बाहीवर गेली. तिने हात हलवला नाही. शेवटी पाणी जसं गेलं तसं जांभळंच परत आलं, तेव्हा डॉक्टरांनी नळी काढली.

बाहेर ओसरीवर त्यांनी आईला आणि मला समोर उभं केलं. "आता नीट ऐका, डोन्या सेल्मिरा. उद्यापर्यंत ओकाऱ्या थांबतील. परवा ती धावेल, खायला मागेल, तुम्हाला वाटेल गेलं. या विषाची खोड तीच आहे. ते दोन-तीन दिवस बसून राहतं, मग यकृताला धरतं. रविवारपर्यंत पोर इथून हलवायची नाही. रविवारी मी तिचे डोळे बघेन. पांढरे असले तर घेऊन जा."

"आणि नसले तर?" आईने विचारलं.

"तर ती माझ्याजवळ असलेली बरी."

गुरुवारी संध्याकाळी सगळ्या गावाने मेणबत्त्या लावल्या. दवाखान्याच्या ओसरीवरही सिस्टरांनी लावल्या. नुबिया खिडकीत उभी राहून मोजत होती. रस्त्यावर पोरं मार्तिनिका घासत होती, चट चट चट, आणि प्रत्येक आवाजाला माझं अंग शहारत होतं. तिचं मात्र नाही. तिला भूक लागली होती.

शुक्रवारी ती खाटांच्या मधून लंगडी खेळली. मावशी वरून जीपमधून आली, बदलायचे कपडे आणि नातियाच्या वड्या घेऊन. नुबियाला पाहून तिने तिला उचललंच. "ही आजारी? हिला बघून मी आजारी पडेन. चल गं, घरी चल, तुझ्या बाहुल्या शाळेची वाट बघतायत."

आई बोचकं बांधायला लागली. डॉक्टर गावात नव्हते. वरच्या खेड्यात कोणी बाळंतीण अडली होती, तिकडे गेले होते. सिस्टर म्हणाली, त्यांनी रविवार सांगितलाय. आईने मान हलवली. "डॉक्टरांना मोकळी खाट बघवत नाही. माझी पोर खेळतेय, सिस्टर. घरी सण आहे."

"आई, नको," मी म्हणाले.

"का?"

"त्यांनी सांगितलं ना. हे दोन दिवस फसवे असतात. पुस्तकातही—"

"पुस्तकात." आईने बोचक्याची गाठ ओढली. तिने आवाज चढवला नाही. "बुधवारी ती ओकत होती तेव्हा तू म्हणालीस काही होणार नाही. नक्की, म्हणालीस. आज ती उड्या मारतेय, तर म्हणतेस मरेल. तुझं कोणतं खरं धरू, ओतिलिया?"

खाली डोन मार्को तुलिओ भोंगा वाजवत होते. मावशी नुबियाला बूट चढवत होती. मला आजही त्या क्षणाची भीती वाटते, घमेल्यातल्या उजेडापेक्षा जास्त. कारण तिचं बरोबर होतं. माझ्या शब्दाला आता काही किंमत नव्हती, आणि दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं. ती जीप वर गेली असती तर परत खाली यायला सोमवार उजाडला असता.

"तिला मी शिकवलं," मी म्हणाले.

"काय?"

"तिने मला विचारलं होतं, मार्तिनिकेत तोच फॉस्फरस असतो का. मी म्हणाले, तोच. दोन्हींत तेच मूलद्रव्य असतं, हे खरं आहे. पण एक रूप चाटलं तर काही होत नाही आणि दुसरं मारतं, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलंच नाही. जेवायला वाढलं होतं. मी बोट चाटून दाखवलं, म्हणून तिने तीन ठिपके खाल्ले. आणि बुधवारी मी विचारायला हवं होतं, पट्टी दाखव म्हणायला हवं होतं. मी हसले. तेल दिलं तेव्हा तिचं डोकं मी धरलं होतं." मी बोचक्यावर हात ठेवला. "मला माहीत होतं म्हणूनच मी चुकले, आई. म्हणून आज माझं ऐक. ऐकायचं नसेल तर माझं नको ऐकू, डॉक्टरांचं ऐक."

मावशीचे हात बुटाच्या नाडीवर थांबले होते. नुबिया आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

आईने बोचकं सोडलं. कपड्याची एकेक घडी खाटेवर ठेवली. "बेर्नार्दा, त्यांना सांग निघा म्हणावं," ती म्हणाली. "तूही जा. कोंबड्या आहेत."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. ती खाटेच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी नुबियाला खिडकीशी नेलं, उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. मला त्यांच्या खांद्यावरून दिसलं. पांढऱ्यात लिंबाच्या सालीचा रंग उतरला होता. त्यांनी दुसरी पापणी ओढली. तिथेही तोच रंग होता.

दुपारनंतर तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. थेंब थेंब, पण थांबेना. हिरड्यांतूनही. तिला झोप अनावर होत होती आणि डॉक्टर सांगत होते, बोलत राहा तिच्याशी, गुंगू देऊ नका. हाताच्या शिरेत ग्लुकोज लावलं होतं, रक्त थांबावं म्हणून दंडात दर काही तासांनी सुई. मी तिच्याशी काय बोलू? मला फक्त तक्ता आठवत होता. "सोडियमच्या घरात कोण कोण गं?" मी विचारायची. ती ओठ हलवायची. सोडियम. पोटॅशियम. एकदा ती दुसरं नाव विसरली, आणि मला वाटलं, संपलं. आई पलीकडून तिच्या तळपायाला बोटं घासत होती, जोरात, कातडी लाल होईपर्यंत.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात दाबून ठेवला आणि सुई चालू ठेवा म्हणाले. बुधवारी पहाटे उशीवर नवीन डाग नव्हता. मी दिवसभर उशी तपासत होते. गुरुवारी सकाळी तिने डोळे उघडले, पिवळेच होते अजून, आणि म्हणाली, "मला आरेपा पाहिजे. चीज घातलेला." डॉक्टरांनी चीज नको म्हटलं, मक्याची ती भाकरी कोरडीच द्या म्हटलं. ती रडायला लागली. इतका चांगला रडण्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

डॉक्टर गेल्यावर आई उठली. आठ दिवस तिने केस सोडून विंचरले नव्हते. ती माझ्या बाजूला आली आणि बाकावर बसली. नुबिया कोरडा आरेपा कुरतडत होती, रुसून भिंतीकडे तोंड करून.

"गेलं का ते?" आईने विचारलं. "तिच्या अंगातून. सगळं गेलं?"

मी ओकाऱ्या आठवल्या, जांभळं पाणी, तेल, रक्ताचे डाग. पुस्तकातलं पान आठवलं. त्यात याचं उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही, आई," मी म्हणाले.

ती नुबियाच्या पाठीकडे बघत राहिली. "बरं," ती म्हणाली. "माहीत नाही तर नाही." मग तिने डोकं माझ्या खांद्याला टेकवलं आणि बसल्या जागी तिला झोप लागली. खांदा अवघडला, तरी दुपारपर्यंत मी हलले नाही.